दरडीमागची पावसाळी गाणी

२३ जून, सकाळ
दरड कोसळली. डोंगरातून खाली जाणारा एकुलता एक रस्ता बंद. दोन रात्रींसाठी गरम पाण्याच्या झऱ्यावर आलो होतो, आता कधी सुटका होईल ते कुणालाच ठाऊक नाही. लॉजवर मोजकीच माणसं: मी, माझी बायको मित्सुए, बांगडा मासळीचा ट्रक घेऊन अडकलेला निशिओका, ओसाकाच्या नेझुआजी आणि मालकीणबाई. सगळ्यांचे चेहरे पडलेले. अशा वेळी कुणीतरी पुढाकार घ्यावा लागतो. नगरपालिकेत पाणीपुरवठा खातं सांभाळलेला माणूस मी. माझ्याशिवाय कोण घेणार?

जेवणाच्या हॉलमध्ये कराओके मशीन आहे. संकल्प: रोज संध्याकाळी पावसाळी गाण्यांची मैफल. पावसावर आपल्याकडे आहेत तितकी गाणी जगात कुठे नसतील. मला बहुतेक सगळी पाठ.

जेवणानंतर
मैफल यशस्वी. बंदर, भिजलेली छत्री, धक्क्यावर ताटकळणारी बाई, परत न येणारा गडी. आवाज मस्त लागला होता. नेझुआजींनी डोळे मिटून ऐकलं. शेवटी मित्सुएने त्यांना हलवून उठवलं. मशीनने शंभरात एकसष्ट मार्क दिले. दमट हवेत मशीनचं असं होतंच.

२४ जून
पाऊस. निशिओकाने पाऊस थांबवणारी कापडी बाहुली करून वळचणीला टांगली. पोरकट माणूस. पण माझ्या प्रत्येक गाण्यानंतर एक नवी बाहुली करत होता, म्हणजे मन रमलंय.

मित्सुएला म्हटलं, तूही कधी एखादं गाणं म्हण. म्हणाली, माइक रिकामा झाला की बघू. विनोदी स्वभाव आहे तिचा.

२५ जून
मशीन बंद. मालकीणबाई म्हणाल्या, ओल धरली असेल. निशिओका ट्रकचा फ्रीज स्वतः दुरुस्त करतो, म्हणून त्याला विचारलं. तो म्हणाला, साहेब, यातलं मला ओ की ठो कळत नाही. बिचारा.

बिनमाइकचा गायलो. खऱ्या गायकाचं माइकवाचून अडत नाही. नेझुआजी कान दुखतोय म्हणून उठून गेल्या. या वयात गारवा बाधतोच.

त्याआधी दुपारी गरम पाण्याच्या कुंडात उतरलो, तर निशिओका आधीच बसलेला. पहिलं कडवं घेतलं मात्र, तो टॉवेल गुंडाळून अंगणात जाऊन उभा राहिला. भर पावसात. ट्रकवाल्यांना मोकळ्या हवेची सवय.

२६ जून
वातावरण जरा तंग. तिन्ही त्रिकाळ निशिओकाचेच बांगडे खातोय आम्ही, त्यामुळे असणार.

नेझुआजींनी विचारलं, "हिराबायाशीसाहेब, तुमच्या सगळ्या गाण्यांत बाईच पावसात उभी. तिला घरी जाता येत नाही का?"

मी समजावलं की तेच तर त्या गाण्यांचं सौंदर्य. मित्सुए शेजारी शेंगा सोलत होती. हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून नोंद.

संकल्प: उद्या निवडक वीस गाणी. हॉलचं दार लावून घ्यायचं. गार वारा येतो. शिवाय माणसं उठून जातात.

२७ जून
आवाज बसला. आलं, मध, गरम पाणी, कशाचा उपयोग नाही. मैफल रद्द. सगळ्यांना फार वाईट वाटलं. मालकीणबाईंनी तर ठेवणीतली साकेची बाटली काढली, दुःख हलकं करायला.

आणि मशीन सुरू झालं. प्लग निघाला होता म्हणे. निशिओकाने हे माझ्याकडे न बघता सांगितलं.

नेझुआजींनी माइक मित्सुएच्या हातात दिला. मी खुणेने सांगत होतो की तिला येत नाही. ती उठलीच. नागोयाच्या मोठ्या दुकानात ती लिफ्ट चालवायची, त्या काळातलं काहीतरी गायली. मुलगी वाट बघून कंटाळते आणि छत्री उघडून एकटीच सिनेमाला निघून जाते. मी हे गाणं कधी ऐकलंच नव्हतं. आवाज खालच्या पट्टीतला, जरासा जाडसर. मालकीणबाई हातात ट्रे घेऊन दारातच थांबल्या. निशिओकाने बाहुली बिहुली काही केली नाही. नुसता बसून होता. मशीनने मार्क दाखवले. ते इथे लिहीत नाही.

खोलीत आल्यावर कसंबसं विचारलं, हे कधी शिकलीस?

"तुम्ही ऑफिसला जायचात ना, तेव्हा गायची घरात," ती म्हणाली. "तुम्ही रिटायर झालात, मग राहून गेलं."

घसा बसलेला. मधाचं पाणी घेऊन झोपलो.

२८ जून
विचार केला. इतकी वर्षं माझं गाणं कानावर पडून तिचा गळा तयार झाला असणार. श्रेय घेणार नाही. आज ती परत गायली. मालकीणबाईंनी दरडीच्या अलीकडल्या वाडीतल्या दोन बायकांना बोलावलं होतं. त्या चिखल तुडवत आल्या. माझ्या मैफलीला नव्हत्या आल्या. तेव्हा पाऊस जास्त होता.

२९ जून
रस्ता उघडला. दुपारची बस. मी दोन्ही बॅगा भरल्या. मित्सुएने तिची उघडली आणि कपडे परत खणात ठेवले. पाऊस आहे तोवर इथेच राहते म्हणाली, नेझुआजीही राहतायत. मी आठवण करून दिली की पाऊस अजून महिनाभर चालेल.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही निघा. घरी तुम्हाला हवं तेवढं गाता येईल."

बसपर्यंत निशिओकाने माझी बॅग उचलून आणली. न सांगता. भला माणूस.

३० जून
घरी. पाऊस. आवाज परत आला. संकल्पातल्या वीस गाण्यांना सकाळीच सुरुवात केली. खिडकी बंद, म्हणजे सूर फाटत नाही. धक्का, छत्री, ताटकळणारी बाई. दुसऱ्या कडव्याला लक्षात आलं की ऐकायला मी एकटाच आहे. पहिल्यांदाच नीट ऐकलं.

उठून बाहेर जावंसं वाटलं. पण एवढ्या पावसात जाणार कुठे?