तेलात कालवलेला शेंदूर

मिस्त्री, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला नाही. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. आज साताऱ्यात खिडकीशी बसून शाळेत पाठ केलेली एक आर्या आठवू पाहतोय. पहिली ओळ येते, आणि दुसरीच्या जागी तुम्ही येऊन बसता. म्हणून लिहितो.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरचा दसरा. सांगलीत तुमच्या मोटरदुरुस्तीच्या दुकानात मला दुसरं वर्ष लागलेलं, वय बावीस; काम करताना शाळेतल्या आर्या चालीवर म्हणायचो. संस्थानातल्या एका बड्या असामीनं मासे धरायच्या होडीसाठी विलायतेहून विजेची मोटर आणवली होती. लांब दांडा, त्याच्या टोकाला पाण्यात बुडणारी बाटलीएवढी मोटर, तिला चिमुकला पंखा, आणि होडीत मोटरगाडीची बॅटरी. खंडेनवमीला तुम्ही हत्यारांबरोबर तिचीही पूजा केलीत. तारांचे चिमटे काढून बॅटरीच्या दोन्ही शिशाच्या खांबांना तेलात कालवलेला शेंदूर फासलात आणि त्यावरच चिमटे आवळलेत. मी बघत होतो. हात जोडून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी कृष्णेचा घाट. माण तालुक्यातल्या गावाहून माझे आबा आलेले, पलटणीतला कोट घालून, लेकाचं काम बघायला. होडीच्या मालकांनी कळ दाबली. पंखा पाण्यात एकदा उसासला आणि थांबला. मी तपासायचा दिवा घेऊन होडीत वाकतो. तारा लेपातून टोचून थेट खांबांना टेकवल्या की दिवा लख्ख. त्याच तारा चिमट्यांवर सरकवून कळ दाबली की दिवा मालवतो. चिमट्याला बोट लावतो, तर गरम लागतो. म्हणजे बॅटरी धड, मोटरही धड. वीज अडलीय ती मधल्या लेपात.

"मिस्त्री, शेंदूर खरवडू या. त्यातनं वीज जात न्हाई."

तुम्ही मालकांकडे वळून हसलात. "आवं, ऐकलंत का? देवाच्या शेंदराला नाव ठेवतंय हे! कविराज, चाली लावून वीज येत न्हाई रं. वायर उलटी जोडलीस तू."

घाट हसला. वायर उलटी असती तर पंखा उलटा फिरला असता, थांबला नसता. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. आबा मात्र हसले नाहीत. पायऱ्या उतरून आले, माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि तुमच्या पायांशी ठेवला.

"चुकलं आमचं, मिस्त्री. चल रं घरी. मेंढरं राख."

आठ दिवसांनी माझी ट्रंक न्यायला सांगलीला आलो तेव्हा घाटावर होडी झोकात चालली होती. खांब खरवडून चांदीसारखे केलेले. आणि तुम्ही मालकांना सांगत होता, "त्या गड्याची वायर सुलटी केली, बस." मला पाहूनही तुमची जीभ अडखळली नाही.

मग मीही सोडलं नाही, मिस्त्री. पुढं काही वर्षांनी साताऱ्यात दुकान काढलं. दर खंडेनवमीला हळदकुंकू बॅटरीच्या खोक्याला लावायचो, खांबांना नाही. आणि का, ते तुमचं नाव घेऊन सांगायचो. माझ्या हाताखालून गेलेले सगळे तुम्हाला ओळखतात, मूर्ख आणि खोटारडा म्हणून. चाळीस वर्षं तुमच्यावर लोकांना हसवलं, आणि दरवेळी तोंडात पेढा विरघळावा तसं वाटलं. अजूनही वाटतं.

आबा त्या दसऱ्यानंतर दोनच वर्षांनी गेले. त्या दोन वर्षांत मी त्यांच्याबरोबर मेंढरं राखली, एका चुलीपुढं बसून भाकरी खाल्ली. त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. तुम्ही एक दिवस आमच्याकडं दहिवडीच्या गाडीतून उतराल आणि चूक पोराची नव्हती असं तुमच्याच तोंडानं त्यांना सांगाल, याची वाट बघत राहिलो. ते दोन वाक्यांचं सांगणं मला स्वतःला जमण्यासारखं होतं. इतक्या लोकांना सांगितलं, आबांना तेवढं सांगितलं नाही. आणि तो दोषही मी आजवर तुमच्याच नावावर टाकत आलो.