कॅम्पर मागे घेताना

अलाबामाचा किनारा,
१४ ऑक्टोबर

ती. ऑर्विलदादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तिकडे मिनेसोटात बर्फ सुरू झाला असेल. मी इथे अनवाणी, उकडलेल्या शेंगा खात बसलेय, जळ जरा.

अडचण एकच. कॅम्परसारखी चाकांवरची घरं लावायच्या या आवाराची मालकीण बोसार्जबाई म्हणते, वादळाआधी किनारा सोडायचा हुकूम सुटला की ज्याला आपलं बिऱ्हाड आपण हलवता येत नाही, त्याला जागा नाही. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी तिच्यासमोर पिकअपच्या मागे कॅम्पर जोडून बाहेर काढायचा आणि रिव्हर्समध्ये परत लावायचा. सरळ रस्त्यानं इथवर मीच आणला, पण रिव्हर्स? इतके हिवाळे हार्लन चालवायचा आणि मी मागे उभी राहून हातानं दिशा दाखवायचे.

तो गेला, पण आम्हा नवराबायकोचं घर म्हणून हा कॅम्पर उरलाय. तो विकायची तुझी बोलणी थांबव.

तुझी,
आर्डिस

मिनेसोटा,
१९ ऑक्टोबर

चि. आर्डिसला अनेक आशीर्वाद.

बर्फ कालच पडला. जळलो, झालं समाधान? गिऱ्हाईक चांगलं आहे, आणि वरची खोली तुझ्यासाठी रंगवून ठेवलीय. लहानपणी गवताची गाडी मागे घेताना तू कोंबड्यांचं खुराडं आडवं केलंस, ते गाव अजून विसरलेलं नाही. स्पष्टच लिहितो, हार्लनपाठोपाठ तुला वादळात गमावायची माझ्यात ताकद नाही.

आणि ऐकणारच नसशील, तर हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर. कॅम्परचा मागचा भाग ज्या बाजूला जायला हवा, त्याच बाजूला हात ने. हे मी सांगितलं असं तुझ्या वहिनीला कळवू नकोस.

लोभ आहेच, तूर्त रागही आहे.
ऑर्विल

चर्चचं मैदान, किनाऱ्यापासून दीडशे मैल आत,
३१ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रविवारी अख्खं आवार खुर्च्या घेऊन बघायला जमलं. इथली रीतच आहे. कोणी रिव्हर्स घ्यायला लागलं की चार पुरुष चार दिशांना हात हलवतात. मी कॅम्पर जोडला, बाहेर काढला, आरसे नीट केले. मग सवयीनं खाली उतरले आणि मागे जाऊन उभी राहिले. हात वर केला. गाडी हलेना. तेव्हा लक्षात आलं, पुढे कोणी बसलेलंच नाही.

कोणी हसलं नाही. मी तिथेच ढसाढसा रडले. बोसार्जबाई म्हणाली, राहू दे, उद्या बघू. मी म्हटलं, उद्या नाही, आत्ताच, आणि या चौघांना आधी खाली बसवा. पहिल्या खेपेला नळाचा खांब वाकवला. दुसऱ्यांदा तिरका गेला. मग तू लिहिलंस तसे हात स्टिअरिंगच्या खाली धरले आणि एकदाचा कॅम्पर माझ्या जागेच्या सिमेंटच्या ओट्यावर सरळ बसला, आणि बाईनं जागा दिली.

बुधवारी खरंच हुकूम सुटला. एकटीनं जोडला, एकटीनं इथवर आणला. वादळ आज पहाटे किनाऱ्यावर आदळलं. आवारात काय उरलंय, ठाऊक नाही. ओटा उरला असला तरी मला पुरे. रस्ता उघडला की मी परत जाणार. गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग.

तुझा लोभ पहिल्यापासून आहेच. आता थोडा विश्वासही असू दे.

तुझी,
आर्डिस