लाइनच्या आत

१५ मार्च ९९, सोम.
पहाटे एसटीने मुंबईहून परत. शेवंतीच्या जाळ्या, म्हणजे फुलांचे क्रेट, बायकोने, मंगलने, एकटीने भरले, घाटावरचं फुलांचं दुकानही तिनेच उघडलं. मी नुसता पडून. डोळे मिटले की तोच बॉल.

सोमनाथची फुटबॉल टीम खालच्या डिव्हिजनला गेली. काल नुसती बरोबरी पुरली असती. एका गोलने मागे, मॅच संपत आलेली. कॉर्नर आला, सोमनाथने डोकं लावलं. त्यांचा गोलकीपर बॉलसकट मागे जाळीत पडला आणि पडल्या पडल्या बॉल ओढून बाहेर काढला. मी गोलच्या बाजूलाच, तारेच्या जाळीला नाक लावून. बॉल लाइनच्या आत होता. हातभर आत. शेजारचा म्हातारा, ओळख ना पाळख, माझ्या गळ्यात पडला.

रेफरीने हात हलवले. खेळा पुढे. लाइन्समनचा झेंडा खाली तो खालीच.

सोमनाथ रेफरीकडे धावला. मी ओरडलो, "सोम्या, नको!" तोवर दोन्ही हात रेफरीच्या छातीवर. रेफरी उताणा पडला, बराच वेळ उठेना. लाल कार्ड.

रेफरीचं नाव पेपरात येईलच. इथे लिहिणार नाही.

१६ मार्च
पेपरात फोटो आला. गोलकीपरची पाठ, पोस्ट, सो.चं हवेतलं डोकं. बॉल दिसत नाही. बॉल सोडून सगळं दिसतं.

फूलबाजारात एकजण, "दत्ताभाऊ, मुंबईची टीम हरली तर तुम्ही का तोंड पाडून बसलाय?"

काय सांगायचं? हरसूलला बाजाराच्या दिवशी मॅच ठेवली होती, तिथे सोमनाथ अनवाणी खेळत होता. सगळे बॉलमागे पळत होते, हा एकटा बॉल येईल तिथे जाऊन उभा. माझ्या बुटात कापूस कोंबून त्याला ट्रायलला नेला. मुंबईच्या एका कंपनीच्या टीमने घेतला. त्याच्या घरात नागली-भाताच्या शेतीशिवाय आणि द्राक्षाच्या मळ्यातल्या मजुरीशिवाय दुसरं काही कुणी केलेलं नाही. आमच्या घरी आला की मंगलला वहिनी म्हणतो, दीरासारखा हक्काने दुसरी भाकरी मागतो.

हे बाजारात उभं राहून कुठे सांगणार. म्हणालो, "फुलांची जाळी उचल."

२८ मार्च, रवि.
सो. आला. चौकशी होईपर्यंत खेळायचं नाही, क्वार्टरवर बसून तरी काय करू, म्हणाला. मंगलने पिठलं केलं. चिवडत बसला.

"भाऊ, मी ढकाललं. ते मला मान्य हाय. पण गोल व्हता का नाय?"
"होता."
"मंग ते कोन लिवनार?"

मंगल उठून आत गेली. 

१९ एप्रिल
मुंबई. शिस्त कमिटी. साक्ष द्यायची म्हणून मीही गेलो. दारातच अडवलं.
"तुम्ही कोण?"
"मी बघितलंय. बॉल आत होता."
"क्लबचे आहात?"
"नाही. तिकीट काढून गेलो होतो."
साहेब हसला. कुचकं नाही, दमलेलं हसू. "अहो, तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला आपलाच गोल दिसतो. बसा बाहेर."

बसलो. सो. आत गेला आणि चहा यायच्या आत बाहेर आला. दोन सीझन बंदी.
"गोलचं काय म्हणाले?"
"इचारलंच नाय. माफी मागतो का म्हनले."
"मग?"
"मी म्हनलं, आधी गोल द्या."

परतीच्या गाडीत शेजारी बसलो. मला त्याचा राग आला होता आणि अभिमानही वाटत होता. त्यातलं काय बोलायचं ते ठरेना.

९ मे
आज वेड्यासारखं केलं. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू उपटलेल्या वाफ्यात दोन बांबू ठोकले, चुन्याने लाइन मारली. कोपऱ्यात नारळ ठेवला, बॉल म्हणून. मंगलला गोलकीपर केलं.
"अहो, लोक बघतायत."
"तू पाठ कर इकडे. अशी. आता वाक."
मी माझ्या जागेवरून पाहिलं. नारळ स्वच्छ दिसला. मग रेफरी उभा होता तिथे जाऊन उभा राहिलो. मंगलची पाठ आणि पदर. नारळ दिसेना. दोन पावलं डावीकडे सरकलो. तरी दिसेना.

लाइन्समन मात्र गोललाइनच्या सरळ रेषेत होता. त्याला दिसायला हवा होता. त्याला दिसलाच असणार.

रेफरीला बॉल दिसूच शकत नव्हता, हे सो.ला सांगितलं नाही. मंगल म्हणाली, "सांगा ना. थोडा राग तरी उतरेल त्याचा." माझाच उतरत नाही, त्याचा कुठून उतरवू.

२२ जुलै
कंपनीने टीम बंद केली. टीम खाली गेली नसती तर केली नसती, असं सगळेच म्हणतात. कायम नोकरीवाल्यांना ऑफिसात घेतलं. करारावरच्यांना घरी पाठवलं. सो. करारावरचा. दुसरा कुठला क्लब घेणार, बंदी असताना?

रेडिओवर लीगच्या बातम्या लागल्या की बंद करतो.

१४ ऑग.
हरसूलला जाऊन आलो. सो. जीप चालवतो, हरसूल ते त्र्यंबक. पॅसेंजर कोंबत होता, मला बघून ओशाळला. भाताची आवणी उरकलीय म्हणे, आता हेच. त्याची आई म्हणाली, "बॉल आनला व्हता त्यानं मुंबईहून. इळ्यानं फाडला." मी त्याच्याकडे बघितलं. तो टायर बघत होता.

तिथल्या टीमचे लोक बोलवायला येतात. जात नाही. "गावच्या मॅचला पन शिट्टीवाला असतोच ना, भाऊ," म्हणाला.

५ डिसें., रवि.


सकाळी रामकुंडावर गर्दी. दुकानात मी एकटा. एक माणूस आला, हातात फडक्यात बांधलेला अस्थींचा लोटा, सोबत दोनचार नातेवाईक. "हार नको. सुटी फुलं द्या." मान वर केली आणि ओळखलं. तोच. वाळलाय, कमरेला पट्टा बांधलाय. पण तोच.

फुलं बांधून दिली. परत जाताना पुन्हा दुकानाशी टेकला, पाणी मागितलं. दिलं. मग राहवेना.
"तुम्ही रेफरी ना?"
"होतो. सोडलं."
"मार्चमध्ये एक गोल नाकारलात तुम्ही. टीम खाली गेली."
आठवत राहिला. सोंग करत नव्हता, खरंच आठवत होता. "कुठली मॅच?"

इतके महिने मी मनात त्याला रोज शिव्या घातल्या. त्याला मॅचच आठवेना!

"ज्यात तुम्हाला एकाने ढकललं."
त्याचा हात आपोआप कमरेवर गेला. "हां. ती." मग खाली बघून, "मणका गेला त्या पडण्यात. आई दोन वर्षं अंथरुणाला होती. तिला उचलून मोरीत न्यायचं काम माझं. त्यानंतर नाही जमलं. ती माझ्या वहिनीकडून करून घ्यायला लाजायची हो. शेवटी शेवटी पाणीच प्यायची नाही, उठायला लागू नये म्हणून."

लोटा रिकामा. त्यातच बघत होता.

मला गप्प बसायला हवं होतं. बसलो नाही. म्हणालो, "गोल होता."
"असेल. मला बॉल दिसला नाही. न दिसलेला गोल देऊ कसा? झेंड्याकडे पाहिलं, झेंडा खाली." मग म्हणाला, "तो खेळाडू तुमचा कोण?"
"माझाच म्हणा."
"एकदा यायचं होतं त्याने. कमिटीपुढे नाही, माझ्याकडे. एक शब्द बोलला असता तर बंदी कमी करा म्हणून मीच सांगितलं असतं. अजूनही सांगेन. दहाव्याला आम्ही परत येतोय इथे."

पैसे देऊ लागला. घेतले नाहीत. का नाही घेतले, माहीत नाही.

६ डिसें.
मंगलला सगळं सांगितलं. ती त्याच्या आईचं ऐकून रडली. मग म्हणाली, "सोमनाथला घेऊन या."
"येणार नाही तो."
"तुम्हालाच वाटतंय येऊ नये."
चिडलो तिच्यावर. उगाच चिडलो.

७ डिसें.
हरसूल. जीप स्टँडच्या मागे उभं राहून सांगितलं. मणक्याचं, आईचं, मोरीचं, सगळं. सो.ने चाव्या हातात घट्ट धरलेल्या.
"मला नव्हतं म्हाईत."
"मलाही नव्हतं."
"आता पाय धरू का त्याचं?"
"पाय नको धरू. आई गेलीय, भेटून ये. बंदीचंही बोलतील ते."
"अन् गोलचं?"
मी रस्त्याकडे बघितलं.
"मंग नाय यायचा मी." पॅसेंजर हॉर्न वाजवत होते. जाऊन बसला, जीप काढली.

१२ डिसें., रवि.
दहावा. मी दुकानात, पण सगळं लक्ष घाटाकडे. रेफरी पायरीवर बसलेला, मुंडण केलेला, पिंड मांडलेले.

पहिल्या एसटीने सो. आला.  दाढी केलेली, पांढरा शर्ट. मंगलने त्याच्या हातात पांढरी फुलं दिली. तो जाऊन लांब उभा राहिला. विधी संपले. माणसं पांगू लागली. रेफरीला उठता येईना, एक हात जमिनीवर, दुसरा हवेत. सो. पुढे झाला आणि काखेत हात घालून त्याला उभं केलं. त्याने वर बघितलं. ओळखलं असावं, कारण हात सोडवून घेतला. मग परत धरला.

काहीतरी बोलले. ऐकू येत नव्हतं. मग सो. खाली बसला, कुंडाच्या पाण्यात बोट बुडवून पायरीच्या दगडावर एक रेघ ओढली. रेघेपलीकडे फूल ठेवलं. रेफरी वाकता येईल तेवढा वाकून बघत होता. बराच वेळ. मग त्याचे लोक बोलवायला आले, तो गेला. जाताना माझ्या दुकानाकडे बघितलं नाही.

सो. परत आला. मंगलने चहा ठेवला.
"काय म्हणाले?"
"बॉल कुठं व्हता म्हनून इचारलं. मी दाखवलं."
"मग?"
"मंग काय नाय. बघत व्हता."
"बंदीचं काही बोलले?"
"मी इचारलं नाय."

चहा प्यायला. दुसरा कप मागितला. दुपारच्या गाडीत बसवून दिला त्याला. गाडी सुटेस्तोवर मी खिडकीखाली उभा. माफी मागितली का, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.