बेळगावचं स्पेलिंग

१४ नोव्हेंबर २००६, मंगळवार. संध्याकाळचे सव्वासात. हँगरमध्ये एकटाच बसून यंत्रातली नावं पुन्हा तपासतोय.

काय करून बसलो मी. कॅप्टनसाहेबांच्या विमानात आता कागदी नकाशांऐवजी पाटीएवढं यंत्र असतं. विमानतळाचं नाव टाइप केलं की उतरायचा नकाशा पडद्यावर येतो. नावं भरायचं काम माझं. आपण बेळगाव म्हणतो, म्हणून मी इंग्रजीतलं शेवटचं 'यूएम' काढून 'व्ही' घातला. मला ती दुरुस्ती वाटली.

आज सकाळी बेळगावला उतरताना ढगात विमान हलत होतं. साहेबांनी एका हातानं नेहमीचं स्पेलिंग दाबलं. यादी कोरी. पुन्हा दाबलं, पुन्हा कोरी. ढगाला फट सापडली म्हणून नजरेनं उतरले. सापडली नसती तर?

मेकॅनिक बाबूभाई म्हणाले, "विमानाला शुद्धलेखन शिकवतोस व्हय?" साहेब हसले नाहीत. "तू खुर्चीत बसून लिहिलंस. उद्या माझ्या शेजारी बस आणि हलत्या विमानात शोधून दाखव. न्हाय सापडलं तर यंत्र बी नको आणि तू बी नको."

मी विमानात कधी बसलेलो नाही. बटणं तांदळाएवढी, उन्हात पडद्यावर आपलंच तोंड दिसतं. स्पेलिंग बरोबर असूनही सापडलं नाही तर? 'यूएम' परत घातलंय. आपलं बेळगाव ते नव्हे, पण घातलंय. आत्ता उभं राहून, एका हातानं टाइप करून बघितलं. बोट शेजारच्या बटणावर गेलं. आणि विमान अजून जमिनीवरच आहे.