बरोबरीचा गुण

राजूर, ता. अकोले
८ जानेवारी २०२५

चि. सुकन्या हिस,
आबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल फोनवर बोलून माझं समाधान झालं नाही, म्हणून हे पत्र. गिरणीच्या घरघरीनं माझे कान गेले ते गेलेच. मी फोनवर बोलतो ते सगळं राजूर ऐकतं, आणि तू बोलतेस ते मला सोडून रांगेतल्या सगळ्या बायांना कळतं. त्यापेक्षा कागद बरा. शिवाय कागद मधेच कट करता येत नाही; फोन कट करायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

रविवारची तुमची सेमीफायनल गोरक्षनं मोबाईलवर दाखवली. आपला गोरक्ष, गिरणीत पोती उतरवतो तो. चार वेळा पाहिली. पट्टा तुटून गिरणी बंद होती, त्यामुळे दुसरं काम नव्हतं.

आता मुद्द्याचं. शेवटची चढाई. त्या एकतीस, तुम्ही तीस. त्यांच्या सहाजणी आत, म्हणजे बोनस खुला. रेषेपलीकडे पाय टेकवायचा, मागचा पाय हवेत, आणि माघारी. एक गुण, बरोबरी. मग पाच-पाच चढायांचा डाव, आणि त्यात तुमच्या क्लबाला कोण धरतंय? तू आठवीत होतीस तेव्हापासून हे मी तुला अंगणात खडूनं रेघा मारून शिकवलंय. त्यांचा डावा कोपरा तर तुला वाटच करून देत होता. आणि तू काय केलंस, तर बोनसकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस. सरळ उजवीकडे त्या दोघींच्या मधे शिरलीस, दोघींना एकदम टिपायला. कंबरेला मिठी बसली आणि खेळ खलास. अगं, दोन गुणांची गरजच काय होती?

गिरणीत रोज यावरच खल चाललाय. आप्पासाहेबांचं म्हणणं, पोरीला हाव सुटली, पेपरात फोटो यायची घाई झाली. मी त्यांना नाही नाही ते बोललो. त्या दिवशी त्यांची बाजरी जाडसर दळली गेली. ते मुद्दाम नव्हतं असं तुझ्या आईला सांगितलंय.

पण बाई, बाहेर मी भांडतो आणि घरी येऊन मलाच उत्तर सापडत नाही. एकोणीस तारखेला क्लबाची बैठक आहे, तुझी कप्तानी काढायचं घाटतंय म्हणालीस. तिथं सर हेच विचारणार. तुझ्याकडे काही कारण असेल तर ते आधी मला कळव. कारणाशिवाय तू असं खेळणार नाहीस हे माझं मन सांगतं, आणि चार वेळा पाहूनही ते कारण मला दिसत नाही.

जेवण वेळेवर कर. रागावलो आहे, पण लोभात काडीची कमी नाही.

तुझे,
आबा


सावेडी, अहिल्यानगर
११ जानेवारी २०२५

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. रूमवरच्या पोरींना वाटलं कुणाच्या लग्नाची पत्रिका आली. टपालानं पत्र येतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मोनिकानं तर पाकीट उलटसुलट करून वास घेतला आणि म्हणाली की पिठाचा वास येतोय. खरंच येत होता. मी मुद्दाम पुन्हा घेतला.

आबा, चढाईचं तुम्ही लिहिलंत ते सगळं बरोबर आहे. बोनस खुला होता. कोपरा वाट देत होता. मला दिसत होतं. मी दोघींवर गेले, त्यांनी धरलं. निर्णय माझा, चूक माझी. यापुढे काय लिहू? तुम्हीच शिकवलंय, पंचांनी हात वर केला की मागं वळून बघायचं नाही.

आप्पासाहेबांशी भांडू नका. त्यांना दात कमी आहेत, जाडसर भाकरी त्यांना चावायची नाही.

बैठकीचं काय व्हायचं ते होईल. सर वाईट नाहीत. पण क्लबाला दरवर्षी जिल्हा निवडीला नावं पाठवावी लागतात, आणि हरलेल्या टीमला कुणाच्या तरी नावानं बोटं मोडायला हवीच असतात. मला कप्तानीचं दुःख नाही असं लिहिलं तर तुम्ही ओळखाल, म्हणून लिहीत नाही. दुःख आहे.

दिशा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. माझी रूममेट, आमच्या टीममधलीच, पाथर्डीकडची, मागच्या दिवाळीला आपल्याकडे येऊन आईच्या हातच्या अनारशांचा डबा संपवून गेली ती. तिचंही तुमच्यासारखंच म्हणणं, बोनस का सोडलास. काल बोलली, पण ताट पुढे सरकवताना बोलतात तितकंच.

आईला सांगा की मी बारीक झालेले नाही, जर्सी सैल आहे. काळजी नसावी. आशीर्वादाची मात्र गरज आहे, तो भरपूर पाठवावा.

आपली,
सुकन्या


राजूर
१५ जानेवारी २०२५

चि. सुकन्या हिस,
आशीर्वाद, भरपूर मागितलेस म्हणून दोन्ही हातांनी. वि. वि.

संक्रांत झाली. पाकिटासोबत आईनं तिळगुळाची पुडी दिली आहे. गोड बोल असं म्हणायचा दिवस, पण माझ्याच्यानं होत नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात उत्तर नाही. निर्णय माझा, चूक माझी, हे तर मी बाजारात कुणालाही सांगू शकतो. मी तुझा बाप आहे, मला आतलं सांग. तुझ्या अंगात आलं असं म्हण, भ्यालीस म्हण, डोकं फिरलं म्हण. पण 'दिसत होतं तरी गेले' एवढंच लिहून मला वाटेला लावू नकोस. दिसत असताना का गेलीस? मी खेळत होतो तेव्हा आम्ही शेणानं सारवलेल्या मैदानावर खेळायचो, बोनसची रेघ दुपारपर्यंत पुसून जायची, तरी आम्ही ती सोडली नाही. तुला तर गादीवर पांढरीशुभ्र आखून दिलेली होती.

एक विचार करतोय. रविवारी मीच सावेडीला येतो, बैठकीत सरांसमोर बसतो आणि सांगतो की ही पोर मी घडवली, हिची कप्तानी काढायची तर आधी माझ्याशी बोला. कानाचं यंत्र लावून येईन. तू हो म्हण फक्त.

खाली तुझ्या आईला चार ओळी लिहायच्या आहेत म्हणून जागा सोडतो. ती कबड्डीतलं काही जाणत नाही, तेव्हा ते मनावर घेऊ नकोस.

आबा

सुकू,
यांनी मला पण तो खेळ दाखवला. मी आपली तू वाळलीस का तेच बघत हुते. वाळलीच हायेस. मधल्या सुट्टीत तुमी सगळ्या खाली बसल्या तवा दिशा एक पाय सरळ लांब करून बसली हुती आन उठताना तुझ्या खांद्याला धरून उठली. पोरीला काय लागलंय का? तिचे आईबाप उसाला गेलेत, जवळ कोन न्हाई तिच्या. हळद-तेल कोमट करून लाव. तिळगूळ तिलाबी दे, आर्धा दे, सगळा तू खाऊ नको.

तुझी आई,
लंकाबाई


सावेडी
२० जानेवारी २०२५

ती. आबांस आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दोघांनीच वाचा. गिरणीत नको, घरी वाचा. आबा, तुम्ही मोठ्यानं वाचता, म्हणून आईला वाचू द्या.

काल बैठक झाली. तुम्ही आला नाहीत, फार बरं केलंत. मी फोनवर नको नको म्हणत होते ते तुम्हाला ऐकू आलं की आईनं अडवलं, ते कळलं नाही. कप्तानी मोनिकाला दिली. जिल्हा निवडीला यंदा माझं नाव जाणार नाही. सरांनी मला तीनदा विचारलं की बोनस का नाही, आणि मी तीनदा म्हणाले की अंदाज चुकला. मग त्यांनी बाकीच्यांना विचारलं. दिशा उठून म्हणाली की बोनस घ्यायला हवा होता, पाच-पाच चढायांत आपण जिंकलो असतो. ती खोटं बोलत नाही. तिला तसंच वाटतं.

आई, तुझं खरं आहे. तिचा गुडघा आदल्या दिवशीच्या मॅचमध्ये पिरगळला होता. मधल्या सुट्टीत तिनं मला पट्टी सोडून दाखवलं. भोपळ्यासारखा सुजला होता. पुढच्या महिन्यात तिची पोलीस भरतीची मैदानी चाचणी आहे. धावायचं आहे. दोन वर्षं ती पहाटे त्यासाठी पळतेय. गुडघ्याचं सरांना सांगायचं नाही म्हणून तिनं मला स्वतःची शपथ घातली. बचावाला कशीबशी उभी राहीन, चढाईला मला पाठवू नको, एवढंच म्हणाली. तेवढं कप्तान म्हणून मला जमत होतं.

पण बरोबरी झाली असती तर ते माझ्या हातात राहिलं नसतं. आबा, पाच-पाच चढायांत पाच वेगवेगळ्या पोरी जातात आणि नावांची यादी सर देतात. आमच्यात चढाई येणाऱ्या पाचच, त्यात दिशा दुसऱ्या नंबरची. सरांनी तिचं नाव लिहिलंच असतं आणि ती गेलीच असती. तिला नाही म्हणता येत नाही. आपल्यामुळे टीम हरली हे ती सोसणार नाही, पाय मोडला तर चालेल. तशी आहे ती.

म्हणून मला बरोबरी नको होती. बोनस घेतला की बरोबरी. एकीला टिपलं तरी बरोबरी. दोन हवे होते किंवा काहीच नको. मी दोनासाठी गेले, मनापासून गेले, हरायला नाही गेले हे तुम्ही तरी खरं माना.

आता रोज वाटतं की मी कोण ठरवणारी. बाकीच्या पोरींची फायनल मी त्यांना न विचारता पणाला लावली. मोनिकाचं मे महिन्यात लग्न आहे, तिची ही शेवटचीच स्पर्धा होती. आणि कदाचित एक चढाई करून दिशाला काहीच झालं नसतं. ते मला कधी कळणार नाही. सूज उतरतेय. भरतीत ती धावू शकेल का, ते डॉक्टर आत्ता सांगत नाहीत.

आबा, हे कुणाला सांगायचं नाही. दिशाला तर नाहीच. तिला कळलं की मी तिच्यासाठी सोडलं, तर ती ते ओझं घेऊन मैदानावर उतरेल. आणि नापास झाली तर जन्मभर माझ्यासमोर मान वर करणार नाही. त्यापेक्षा माझ्यावर चिडलेली बरी. तुम्हाला सांगितलं कारण तुमच्या चष्म्यातून मी बावळट ठरले ते मला सहन होईना.

आई, हळद-तेल लावते रोज. तिळगूळ तिनंच सगळा खाल्ला.

चुकले असेन तर तसं लिहा. पण माया तेवढीच ठेवा, एवढंच मागते.

आपली,
सुकन्या


राजूर
२५ जानेवारी २०२५

चि. सुकन्या हिस,
आबाचे आणि आईचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र तुझ्या आईनं दार लावून हळू आवाजात वाचलं. मला अर्धं ऐकू आलं, मग मी स्वतः वाचलं. वाचून झाल्यावर तिनं ते चुलीत घातलं. रात्री ती दिशासाठी मेथीचे लाडू वळत बसली. ते सोबत आहेत. गुडघ्याला चांगले असतात. तुझ्यासाठीच पाठवलेत म्हणून सांग, नाहीतर पोरीला शंका यायची.

आता माझं. खेळ म्हणून विचारशील तर मी अजून म्हणतो, बोनस घ्यायला हवा होता. बाकीच्या पोरींचं जे लिहिलंस ते खरं आहे आणि ते तुला बोचत राहील, बोचू दे. मी तुझ्या जागी असतो तर डोळे झाकून बोनस घेतला असता, दिशाला चढाईला पाठवलं असतं, आणि जिंकून आलो असतो तर खांद्यावर बसून गावभर मिरवलो असतो. तिच्या गुडघ्याची आठवण मला दुसऱ्या दिवशी झाली असती. हे खरं तेच लिहितोय. तू माझ्यापेक्षा चांगली कप्तान होतीस पोरी. हे मी तुला आधी कधी म्हणालो नव्हतो.

काल बाजार होता. गिरणीत ही गर्दी. आप्पासाहेब बाजरी घेऊन आले आणि पोतं खाली ठेवायच्या आतच सुरू झाले की गहिनीनाथा, तुझ्या पोरीची कप्तानी गेली म्हनं, मी म्हनलो नव्हतो का, हावेनं घात केला. गोरक्षनं गिरणीच बंद केली, काय होतंय ते सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून. रांगेतल्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. तुला माहीत आहे, आजवर या गिरणीत मी एकही वाद अर्ध्यावर सोडला नाही. सगळं उत्तर माझ्या जिभेवर होतं. एक वाक्य बोललो असतो तर आप्पासाहेब तिथंच खाली बसले असते.

मी म्हणालो, व्हय आप्पासाहेब, चुकलंच पोरीचं.

ते उगाच म्हणाले की जाऊ दे, ल्हान हाय ती. मी त्यांची बाजरी बारीक दळून दिली. दुपारी अर्ध्या जेवणावरून उठलो. एवढ्याशा गोष्टीनं माझी ही गत झाली. तू तर भरल्या बैठकीत बसून हेच तीनदा म्हणालीस, आणि समोर दिशा उठून बोलत होती. एकटी कशी बसलीस गं तिथं? मला बोलवायचं होतंस. मी काही बोललो नसतो, नुसता शेजारी बसलो असतो.

पुढच्या रविवारी तुमची मॅच आहे असं गोरक्ष सांगतो. पहिल्या गाडीनं येतो. मोनिका तुला जिथं उभं करील तिथं उभी राहा, मला तू दिसलीस म्हणजे झालं. लोभ किती आहे ते इथं लिहीत नाही, येऊन सांगतो.

तुझे,
आबा