खाचेचा बिल्ला

अण्णा, तुमचं ताकदीचं मशीन मी उघडलं आहे. न विचारता उघडलं असं लिहिणार होते, पण तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, विचारणार कुणाला. शेळ्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होतं, ते मी मागच्या रविवारी सकाळी अंगणात ओढून आणलं. आई मेथी निवडत बसली होती. मी ताडपत्रीची दोरी सोडायला लागले तसा तिचा हात थांबला. "कावून उकरायलीस गं ते? ऱ्हाऊ दे की झाकलेलं." मी म्हटलं, शाळेत न्यायचंय, मुलांना दाखवायला. ती म्हणाली, "दुसरीकडं कुठं बी ने. शाळंत नको." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. या मशीनबद्दल आईला काहीतरी माहीत आहे आणि ती ते माझ्यापासून लपवते आहे, असा मला लहानपणापासून संशय आहे. रविवारी तो आणखी पक्का झाला.

मी आता कडा गावाजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. प्रमाणपत्र आईनं तुमच्या फोटोशेजारी टांगलंय, ते जरा तिरकं आहे, पण ती मला हात लावू देत नाही. तरफ आणि स्प्रिंग शिकवायला तुमच्या मशीनइतकी चांगली वस्तू मला मिळणार नाही, हे मला कळतं. पण लबाड यंत्र मी मुलांसमोर ठेवणार नाही. खरं सांगायचं तर ठेवूच शकणार नाही, कारण मी त्यांना रोज सांगते की मोजमाप प्रामाणिक असलं पाहिजे. म्हणून आधी मला बघायचं होतं की हे मशीन खरं होतं की खोटं. म्हणजे तुम्ही.

तुमचं मशीन मला पाठ होतं. बिडाची जड पेटी, पुढं काचेखाली पांढरी तबकडी, शून्यापासून शंभरापर्यंत आकडे, वर लहानशी घंटा. दोन मुठी धरून एकमेकींकडं ओढायच्या, काटा चढत जायचा, शंभराला लागला की घंटा वाजायची. हैदराबादच्या भंगार बाजारातून तुम्ही ते आणलं होतं आणि एक पावसाळा घालवून चालू केलं होतं. ते जुन्या ढब्बू पैशावर चालायचं. ते पैसे कधीच गेले होते, म्हणून तुम्ही पितळी पत्रा कापून, कानस मारून तेवढेच बिल्ले केले. माणसं दोन रुपयाला बिल्ला घेणार, फटीत टाकणार आणि ओढणार. जत्रा नसली की मशीन अंगणात असायचं, आणि तुम्ही मला ओढायला शिकवायचात. "ताकद न्हाई लागत. मनगट सरळ ठिव, श्वास धर, आन् हळूहळू वढ. झटका दिला की काटा थरथरतो." मी आठ वर्षांची असताना घरी माझी घंटा वाजली होती. एकदा नाही, पाच-सहा वेळा. तुम्ही लिंबागणेशच्या जत्रेतून मला पिवळ्या मुठीचा लहान पेचकस आणलात तो त्याच वर्षी. इतर मुलींना बांगड्या यायच्या. रविवारी मशीनचं मागचं झाकण मी त्याच पेचकसानं काढलं.

तुमची शेवटची जत्रा आष्टीकडची. मी चौथीत आहे. तुम्ही मशीनमागं स्टुलावर बसला आहात, पुढं मशीनच्या स्टँडला खालच्या बाजूनं गोणपाटाचा पडदा, मांडीवर बिल्ल्यांचं ताट. उन्हात माणसं उभी आहेत आणि पांढऱ्या टोपीतला एक माणूस तीनदा ओढून हरला आहे. हरला तरी हसतोय. "लई बेणं हाय हे मशीन," म्हणतो. मी मधे घुसून म्हणते, "अण्णा, मी ओढू?" तुम्ही हळूच सांगता, "तू घरी वढ. हितं नको." पण लोकांनी ऐकलेलं असतं. "वढू द्या की हो लेकराला," कुणीतरी म्हणतं. टोपीवाला मागं वळून सगळ्यांना सांगतो, "बघा रं आता. मालकाची पोरगी हाय. हिची वाजणारच." सगळे हसतात. तुम्ही ताटातून एक बिल्ला उचलता, परत ठेवता आणि सदऱ्याच्या वरच्या खिशातून दुसरा काढून मला देता. मला वाटलं, हा माझ्यासाठी वेगळा ठेवलेला. मी मनगट सरळ ठेवते, श्वास धरते, ओढते. काटा साठ, सत्तर असा चढतो आणि तिथं जड होतो. पुढं जातच नाही. मी तरी ओढत राहते. टोपीवाला म्हणतो, "हात्तिच्या. हिला बी फसवलं की बापानं."

आणि मी म्हणाले, "अण्णा खालून पायानं दाबतात."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कुणीतरी पडदा वर केला, वाकून बघितलं. खाली तुमच्या वहाणा आणि स्टुलाचे पाय. "आता काढून घेतला आसंल पाय," असं एक जण म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं, कारण घरचीच पोरगी सांगत होती. ढकलाढकलीत तबकडीची काच फुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकरी थापत होती, मी चुलीपाशी, तुम्ही हात धुऊन आत आलात. मार बसेल म्हणून मी भिंतीला सरकले. तुम्ही बसलात आणि शांतपणे विचारलंत, "पाय दिसला का गं तुला?" मी म्हटलं, "हो." आईचा हात परातीत थांबला. तुम्ही मान हलवलीत आणि भाकरी मोडून खायला लागलात. त्यानंतर तुम्ही जत्रांना गेला नाहीत. शिलाई मशीन आणि फवारणीचे पंप दुरुस्त करत राहिलात. आणि मी नववीत असताना तुम्ही गेलात.

तुम्ही एकदा जरी 'मी पाय दाबला नाही' असं म्हणाला असता, तर गोष्ट निराळी झाली असती. तुम्ही म्हणाला नाहीत. शाळेत मला पोरं 'पायदाब्याची पोरगी' म्हणायची, आणि मी भांडत नव्हते, कारण माझा बाप गप्प होता, आणि गप्प बसतो तो दोषी, असं मला तेव्हा वाटायचं. पुढं मला तशी सवयच लागली. दुकानदारानं साखर मोजायच्या आधी मी त्याचा काटा रिकामा बघते. शाळेत प्रयोगवहीत कुणाचे आकडे फारच बरोबर आले तर मी त्याला पुन्हा मोजायला लावते. बरोबरच्या मॅडम म्हणतात, तुम्ही पोलिसात जायला पाहिजे होतं. माझ्या प्रामाणिकपणाचं लोक कौतुक करतात तेव्हा मला तुमची आठवण येते, आणि ती चांगली नसते.

तर रविवारी झाकण काढल्यावर मी आधी पायाकडून येणारी तार शोधली. एखादी दांडी, एखादं भोक. पेटीच्या तळाला चार बोल्ट होते आणि उंदरानं आणून भरलेला कापूस. बाकी तळ सलग बिडाचा. तिथून आत काही येऊच शकत नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. उलट मनात आलं की पायाचा नसेल तर हाताचा डाव असेल. दोन दिवस शाळेतून आल्यावर मी गंज घासला, तेल दिलं, एकेक भाग हलवून बघितला आणि मग मला ते समजलं. फटीच्या मागं एक झुलती पट्टी आहे, छोट्या तराजूसारखी. तिच्या एका टोकाला वाटी, दुसऱ्या टोकाला आकडी, आणि आकडी काट्याच्या दातेरी चाकात अडकलेली. बिल्ला वाटीत पडला की त्याच्या वजनानं वाटी खाली जाते, आकडी वर उचलली जाते आणि चाक मोकळं होतं. मुठी सोडल्या की वाटी कलते आणि बिल्ला खालच्या अरुंद गल्ल्यात आधीच्या बिल्ल्यावर पडतो. किती साधं आणि किती सुंदर आहे हे. मी जमिनीवर बसून, बोटानं वाटी दाबून ते पन्नासदा तरी केलं असेल.

मग तुमच्या डब्यातले बिल्ले आणले, आणि ते गल्ल्यात पडू नयेत म्हणून त्याच्या तोंडावर फडकं कोंबलं. एक टाकला, ओढलं, घंटा वाजली. आई आतून बाहेर आली, काट्याकडं बघितलं आणि परत गेली. दुसरा टाकला, वाजली. तिसरा टाकला आणि काटा सत्तरला जड झाला. तोच जडपणा, अण्णा. अठरा वर्षांनी हातांनी ओळखला. बिल्ला बाहेर काढून बघितला तर जरा पातळ होता आणि कडेला कानशीची एक बारीक खाच होती. डब्यात तसले मूठभर निघाले, सगळ्यांना खाच. हलक्या बिल्ल्यानं वाटी अर्धीच खाली जाते, आकडी पुरती उचलत नाही, दात्यांवर घासत राहते आणि ओढणाऱ्याची ताकद तिथंच संपते. म्हणजे कुणाची घंटा वाजवायची आणि कुणाची नाही, हे तुमच्या बोटांत होतं.

मी आईला विचारलं, हे खाचेचे कशाला केले होते? ती म्हणाली, "जाड पत्रा सरला व्हता. मग पातळाचे कापले, ते काय चालंनात. म्हणून खूण केली, चांगल्यात मिसळू नयेत म्हणून." मी म्हटलं, चालत नव्हते तर टाकून का नाही दिले? खूण करून जपून का ठेवले? "पितळ कुणी टाकून देतं का गं?" ती म्हणाली. "तूच शिकलेली न् तूच आसलं इचारायलीस." तिचं बरोबर होतं, आणि तरी माझं समाधान झालं नाही. तीच खाच 'हा देऊ नये' असंही सांगते आणि 'हा द्यावा' असंही. खाचेकडं बघून देणाऱ्याचं मन कळत नाही.

पण गल्ला बंद होता. त्याला तुमचं पितळी कुलूप होतं, आणि आई म्हणाली की त्या जत्रेनंतर तुम्ही त्याला हात लावला नव्हता. गल्ला तुम्ही रोज सकाळी रिकामा करायचात, हे मला आठवत होतं. म्हणजे आत त्या एका दिवसाचे बिल्ले होते, माणसांनी टाकले त्या क्रमानं पडलेले. त्यात खाचेचे निघाले तर तुम्ही लोकांना फसवत होता. न निघाले तर नाही. लोखंड कापायची करवत शेजारून मागून आणली आणि कुलूप कापलं. कापताना मला काय हवं होतं ते मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं तुमच्यावर संशय घेतल्यावर तो खोटा ठरणंही सोपं नव्हतं.

सगळ्यात वरच्या बिल्ल्यालाच खाच होती. मी तो हातात घेऊन बसून राहिले. मग बाकीचे काढले, हिरवट पडलेले, एकमेकांना चिकटलेले. एकेकाची कड नखानं तपासली. सगळे तपासले, पुन्हा पहिल्यापासून तपासले. दुसरी खाच नाही. टोपीवाल्याचे तीन बिल्ले त्यातच कुठंतरी होते, चांगले, जाड. तो आपल्या ताकदीनंच हरला होता. आणि सगळ्यात वरचा म्हणजे शेवटचा. माझ्यानंतर कुणी ओढलं नव्हतं.

मी तो बिल्ला आईपुढं धरला. ती चुलीपुढून उठली नाही. "ठावं हाय मला," म्हणाली. "त्याच दिशी सांगितलं ह्यांनी. पोरीला हलका दिला म्हणले. तिची वाजली आसती तर लोक म्हणले आसते, मशीन खोटं हाय, घरच्याचीच वाजतीया." मी विचारलं, मग मला कधी का नाही सांगितलंस? तिनं माझ्याकडं बघितलं. "तू पाय बघितला म्हणलीस की. ते म्हणायचे पाय न्हाई, बिल्ला. तू म्हणायचीस पाय. लेकरू खोटं कावून बोलंल? मला वाटलं, बिल्ला बी दिला आसंल आन् पाय बी दाबला आसंल. मी पुन्हा इचारलंच न्हाई." मग तिनं तवा उतरवला.

एका दिवसाचा गल्ला म्हणजे सगळ्या वर्षांचा नव्हे, हे मी विज्ञान शिकवते म्हणून मला कळतं. तो बिल्ला तुमच्या वरच्या खिशात आधीपासून कशाला होता, हेही मी अजून स्वतःला विचारते. पण पुढच्या सोमवारी मशीन शाळेत जाईल. दोन्ही बिल्ले टेबलावर ठेवीन आणि मुलांनाच शोधू देईन. खाचेचा कुणाला दिला होता आणि का, तेही सांगीन. तुम्ही गप्प का बसलात ते मला आता कळतं. एका लेकराला तुम्ही खरोखर फसवलं होतं, आणि तेच लेकरू समोर बसून भलत्याच गोष्टीची साक्ष देत होतं.

काल मशीन स्टँडवर चढवलं, पुढं जुनं गोणपाट लावलं आणि मी चौथीत उभी होते तिथं, तेवढी वाकून उभी राहिले. तिथून पडद्यापलीकडचं काही दिसत नाही. हे बघायला गोणपाट लावायची गरज नव्हती, मला ते तेव्हाही माहीत होतं. अण्णा, तुम्ही विचारलं होतं, पाय दिसला का. नव्हता दिसला. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.