बेर्दिचेवच्या अनाथ वधूचे साक्षीदार

झाब्रोव्ह, २ नोव्हेंबर १९२६

चि. बेर यास थोरल्या आरोन-वोल्फचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

प्रस्तुत पत्रात मला एवढेच सिद्ध करावयाचे आहे, की नाटक हे असे असत्य आहे ज्यावर विवेकी मनुष्याचा क्षणभरही विश्वास बसू शकत नाही. फळ्यांना रंग दिला म्हणून किल्ला उभा राहत नाही. ओळखीच्या माणसाला दाढी चिकटवली म्हणून तो अनोळखी होत नाही. जे कोणालाच खरे वाटत नाही ते विकून तू व्हिल्नात नाटकमंडळी कशी चालवतोस, हे अनाकलनीय आहे.

तथापि न ऐकता निवाडा देणे धर्मन्यायाधीशास शोभत नाही. गेल्या आठवड्यात बदकाच्या दाव्यातही मी सर्वांचे ऐकले. फिर्यादीचा साक्षीदार अस्खलित बोलला, परंतु तो फिर्यादीचा सख्खा काका निघाला. नातलगाची साक्ष चालत नाही, आणि त्याच्या जोडीने उभा राहिलेल्याचीही बाद होते. म्हणून दोघांना घरी धाडले. या महिन्यात व्हिल्नास काम आहे. प्रार्थनाघराचा सेवक झेलिक सोबत असेल. एक खेळ पाहीन आणि वरील सिद्धान्तास पुरावा जोडीन.

तुझ्या ग्लिकाचा विवाह सिम्खा काट्झशी ठरल्याचे वाचून समाधान वाटले. काट्झ हे कोहेन, म्हणजे पुरोहितांचे कुळ. कोहेनास घटस्फोटिता वर्ज्य असते. आपल्या मुलीस ते कलम लागू होण्याचा संभव नाही, सबब माझी संमती.

लोभ आहे, त्यास प्रमाणाची आवश्यकता नाही.

आरोन-वोल्फ

*

व्हिल्ना, ९ नोव्हेंबर

ती. दादांस धाकट्या बेरचे कृ. न. वि. वि.

पत्र जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवले. शेन्डल म्हणाली की दादांना पहिल्या रांगेत बसवा, निदान एक खुर्ची तरी न घोरणाऱ्याची होईल. तुमची भावजय तशीच आहे, मनावर घेऊ नका.

हंगाम तऱ्हेवाईक चालला आहे. ‘उपाशी शिंपी’मध्ये शिंपी भुकेने कोसळला की गॅलरीतल्या बायका त्याच्या अंगावर कांद्याचे पाव फेकतात. पडल्यापडल्या तो ते खातो, आणि आता असा सुटलाय की त्याचा फाटका कोट दोनदा उसवून सैल करावा लागला. ‘सुलतानाचा हकीम’साठी सिंहासन दातांच्या डॉक्टरकडून भाड्याने आणतो, डॉक्टरकडे गिऱ्हाईक आले की सुलतानाला उभ्याने राज्य करावे लागते.

सध्या जोर आहे तो ‘बेर्दिचेवची अनाथ वधू’चा. ग्लिका अनाथ मुलगी होते, लाझार श्पिगल नवरा. आमच्या प्रेक्षकांना लग्न कच्चे चालत नाही. एकदा श्पिगलने विवाहवचनातला एक शब्द गाळला, तर गॅलरी ओरडली की अरे गाढवा, पहिल्यापासून म्हण! तेव्हापासून शब्दन्‌शब्द म्हणतो. मंडळीच्या पितळी अंगठीने ग्लिकाचे बोट हिरवे पडायचे, म्हणून त्या आढ्यतेखोराने स्वतःच्या खर्चाने चांदीची घेतली आणि गावभर मिरवली. खाली वाद्यवृंदात आपला सिम्खा क्लॅरिनेट फुंकतो. स्वतःच्या वधूच्या लग्नात रोज वाजवणारा नवरा तुम्ही पाहिला नसेल.

धर्माचे विचाराल, तर माझ्या नाटकगृहात शब्बाथ पाळणारा, त्या दिवशी विस्तवाला न शिवणारा, एकटा स्टोव्ह. शुक्रवारी रात्री तो काही केल्या पेटत नाही. तेव्हा सांभाळून या.

रागवा, पण लोभ आटू देऊ नका.

तुमचा बेर

*

झाब्रोव्ह, २५ नोव्हेंबर

चि. बेर यास आशीर्वाद. वि. वि.

खेळ पाहिला. पुढील निष्कर्ष खेदाने कळवितो: मंगळवारी रात्री तुझी कन्या ग्लिका लाझार श्पिगल याची धर्मपत्नी झाली.

कारणे देतो. पुरुषाने स्वतःच्या मालकीची वस्तू दिली. अंगठी मंडळीची नसून श्पिगलची, हे तुझेच लेखी विधान आहे. त्याने वचन पूर्ण उच्चारले. तीही तुझ्या गॅलरीचीच दक्षता. स्त्रीने बोट पुढे केले. तू म्हणशील, मनात तसे नव्हते. मनातल्या गोष्टी न्यायासनासमोर गोष्टीच नव्हेत. तू म्हणशील, मग रोजच का नाही लागले? कारण विवाहास धर्म पाळणारे दोन साक्षीदार लागतात, आणि तुझ्या नाटकगृहात तसा केवळ स्टोव्ह होता. मंगळवारी मी आणि झेलिक होतो. मी दोन्ही साक्षीदारांची पात्रता तिथेच, आसनावर बसून, नियमानुसार तपासली. दोष आढळला नाही.

नाटकाविषयी मत बदललेले नाही. केवळ एवढे नमूद करतो, की तो लग्न जुळवणारा दलाल अधम आहे आणि त्याला मोकळे सोडणे गैर आहे. तिसऱ्या अंकात मी उभा राहून एक प्रक्रियात्मक हरकत नोंदविली, तिची कोणी दखल घेतली नाही. त्या मुलीला जगात बाप नाही, भाऊ नाही, तिच्या वतीने दोन शब्द बोलायला एखादा काकादेखील नाही, हे दिसत असूनही हजारभर माणसे स्वस्थ बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. विवाह लागताच निवाडा लिहिण्यासाठी मी बाहेर पडलो.

उपाय एकच: श्पिगलने रीतसर घटस्फोट द्यावा. त्यानंतर काट्झ कुळात ती जाऊ शकणार नाही, हे मी जाणतो. नियमाला नाती नसतात.

आशीर्वाद नेहमीचे, त्यांत उणे नाही.

आरोन-वोल्फ

*

व्हिल्ना, २९ नोव्हेंबर

ती. दादांस कृ. न. वि. वि.

दादा, तुम्ही निवाडा दिलात आणि झाब्रोव्हला जाऊन झोपलात. इथे आमची गत काय झाली ती ऐका.

मी मूर्खाने पत्र रंगपटात वाचले. श्पिगलने ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी रुमाल गळ्याशी खोवून जेवायला हजर. मला सासरेबुवा म्हणतो. गोड माशात साखर कमी पडली असे शेन्डलला तोंडावर सांगतो. तिने पळी उगारली, तर म्हणाला की जावयावर हात टाकणाऱ्या घरात अजून खीर बाकी असते का, ते आधी सांगा. घटस्फोटाचे विचारले, तर जाहिरातीवर त्याचे नाव मंडळीच्या नावाहून मोठे छापायला हवे. पण छापून तरी उपयोग काय? घटस्फोट दिला तर सिम्खा गेला, न दिला तर श्पिगल राहिला!

सिम्खाला सांगितले. रात्री लग्नाची चाल वाजवायची तिथे त्याने मर्तिकाची वाजवली. गॅलरीला ती जास्त आवडली. त्याच्या वडिलांना अजून पत्ता नाही, म्हणून शहरातल्या कोणा रब्बीला, दुसऱ्या धर्मपंडिताला, विचारायची सोय नाही. श्पिगल मात्र त्यांना जाऊन सांगेन म्हणून धमकावतो.

लग्न हनुकाच्या सणात, शेवटच्या दिव्याला आहे, दादा. ग्लिका रडत नाही, जेवत नाही. तुमचे पत्र घेऊन खिडकीत बसते आणि पुन्हा पुन्हा वाचते. शेन्डल म्हणते की यापेक्षा भांडी फोडली असती तर बरे. तुमच्याशी वाद घालण्याइतका मी शिकलो नाही. पाया पडतो, काहीतरी करा.

तुमचा अभागी बेर

*

व्हिल्ना, १ डिसेंबर

ती. आरोनकाकांस ग्लिकाचे कृ. न. वि. वि.

तुमचा निवाडा मी तुमच्याच रीतीने वाचला: आधी मान्य करीत, मग शंका घेत. अंगठी मान्य. वचन मान्य. बोट माझेच, तेही मान्य. मग साक्षीदारांपाशी आले.

लहानपणी तुमच्याकडे राहायला आले की तुम्ही मला खारकेच्या लालचीने याद्या पाठ करायला लावायचात. कोणाची साक्ष चालत नाही? बापाची नाही, भावाची नाही, बापाच्या भावाची नाही. तिसरे नाते बरोबर सांगितले की खारीक मिळायची. काका, वधूच्या बापाचा भाऊ कोण?

तुमची साक्ष बाद, म्हणून बदकाच्या दाव्याप्रमाणे झेलिककाकांचीही बाद. उरला स्टोव्ह.

एवढे तुम्हाला दिसले कसे नाही, हे मला दोन दिवस कळेना. मग तुमचे तिसऱ्या अंकाचे वाक्य पुन्हा वाचले. तुमची प्रक्रियात्मक हरकत मंचावर आम्हाला स्वच्छ ऐकू आली होती. “थांब चोरा, पोरीला कोणी नाही असे समजू नकोस!” असे तुम्ही ओरडलात, आणि गॅलरीने तुम्हाला श्पिगलपेक्षा जास्त टाळ्या दिल्या. तो अजून त्याच रागात आहे. मी तुमच्यापासून चार हातांवर उभी होते, काका. तुम्ही माझ्याकडे पाहत होतात, पण मी तुम्हाला दिसत नव्हते.

मी आज जेवले. लग्नाला नक्की या. साक्षीदार म्हणून नव्हे, ते चालणार नाही. काका म्हणून या.

खारकेची वाट पाहणारी,
ग्लिका

*

झाब्रोव्ह, ४ डिसेंबर

चि. ग्लिका हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पंचवीस नोव्हेंबरचा निवाडा रद्द समजावा. तू अविवाहित आहेस आणि सिम्खा काट्झशी विवाहास मोकळी आहेस. श्पिगल यास जेवणावरून उठवावे. खारका झेलिकच्या हाती पाठविल्या आहेत.

आम्ही तिसऱ्या अंकानंतर निघालो, त्यामुळे त्या मुलीचे पुढे काय झाले असे झेलिक विचारीत असतो. त्याचे मन अस्वस्थ आहे. दोन ओळींत कळविल्यास त्याला बरे वाटेल.

आता, माझा पहिला सिद्धान्त ज्या कागदावर आहे त्याच्याशेजारी तुझ्या वडिलांनी पुढील कबुली जपून ठेवावी:

त्या रात्री साक्षीदारांची पात्रता तपासताना मी नियमाप्रमाणे स्वतःला विचारले, की ही वधू तुझी कोणी लागते का? आणि स्वतःस उत्तर दिले, की नाही, ही बेर्दिचेवची अनाथ आहे, हिचे कोणीच नाही. ते उत्तर मी पुन्हा तपासले नाही. ही माझी चूक.

आरोन-वोल्फ,
वधूचा काका